मंदीत नोकऱ्या वाचवायच्या की नव्या उभ्या करायच्या? युरोपाचा अनुभव

कोरा_कागद

राम राम मंडळी,

दुसऱ्या एका धाग्यावर 'मंदी आली की सरकारने कंबर कसावी की तिजोरी उघडावी' यावरून खडाजंगी झाली आणि नेहमीप्रमाणे ती शेवटी नेहरूंपर्यंत पोचली. म्हणून हा वेगळा धागा. इथे फक्त युरोपाबद्दल बोलू. बारा वर्षांत त्यांच्यावर दोन मोठी संकटं आली आणि दोन्ही वेळी ते अगदी वेगळं वागले, त्यामुळे तुलनेला भरपूर माल आहे.

पहिलं २००८ चं. अमेरिकेतल्या बँका गडगडल्या आणि झळ युरोपात पोचली. नोव्हेंबर २००८ मध्ये युरोपीय आयोगाने (म्हणजे युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या मंडळाने) २०० अब्ज युरोंची योजना जाहीर केली. आकडा दणदणीत, पण त्यातले १७० अब्ज सदस्य देशांनी आपापल्या खिशातून घालायचे होते. संघाकडून ३० अब्ज. (संघाचं सगळं वार्षिक बजेटच सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या एका टक्क्याच्या आसपास असतं, द्यायचं म्हटलं तरी कुठून देणार?) मग २०१० मध्ये ग्रीसचं दिवाळं उघड झालं आणि सगळ्यांचा सूर एकदम काटकसरीवर आला. २०१३ मध्ये युरो वापरणाऱ्या देशांतली बेकारी १२ टक्क्यांच्या आसपास होती. ग्रीस आणि स्पेनमध्ये २६-२७.

दुसरं कोविडचं. २०२० मध्ये त्यांचं उत्पादन २००९ पेक्षाही जास्त कोसळलं. तरी बेकारी साडेआठ टक्क्यांच्या आसपासच थांबली आणि दोनेक वर्षांत संकटाआधीच्या पातळीच्याही खाली आली.

माझं मत असं की दुसऱ्या वेळी सरकारांनी माणसाला कामावरून सुटूच दिलं नाही, मुख्य फरक त्यानेच पडला. एकदा सुटलेल्या माणसाला पुन्हा कामाला लावणं फार महागात पडतं आणि ते युरोपाला कधीच नीट जमलेलं नाही.

तुम्हाला काय वाटतं? तिकडे राहणाऱ्यांनी अनुभव जरूर लिहा.

खडूस_आजोबा

पहिल्याच वाक्यात नेहरू. धागा शतक मारणार.

उंटावरचा_शहाणा

जागा धरून ठेवतोय. चहा घेऊन येतो.

नेकारकाठचा

२००९ मध्ये मी श्टुटगार्टजवळ, मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत होतो. ऑर्डरी निम्म्यावर आल्या होत्या. भारतातल्या अनुभवावरून मी मनाची तयारी करून बसलो होतो की आता यादी लागणार आणि परदेशी म्हणून आपलं नाव वर असणार.

यादी लागलीच नाही, 'कुर्त्सआर्बाइट' लागलं. म्हणजे कमी तासांचं काम. कंपनी तुमचे तास कमी करते, काम केलेल्या तासांचा पगार देते, आणि बुडलेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के रक्कम न्यूरेनबर्गच्या केंद्रीय रोजगार संस्थेकडून येते. पदरी मूल असेल तर ६७ टक्के. करार चालू, विमा चालू, पेन्शन चालू. आमचा गुरुवार-शुक्रवार बंद झाला. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी तेवढ्या काळात घराचं छप्पर स्वतःच्या हाताने नवं केलं. मी सक्तीने जर्मन व्याकरण केलं.

त्याच्याही आधी आणखी एक गोष्ट वापरली गेली, ती बाहेर फारशी कुणाला माहीत नसते. तासांची खाती. तेजीत जादा काम केलं की जादा पैसे न घेता तास खात्यावर जमा करायचे. मंदी आली की आधी ते खर्च करायचे. २००८ पर्यंत सगळ्यांची खाती भरलेली होती.

२०१० मध्ये चीनकडून ऑर्डरी धो-धो सुरू झाल्या तेव्हा आमचे सगळे फिटर, सगळे टर्नर जागेवर होते. नवीन भरती नाही, प्रशिक्षण नाही, सोमवारी बटण दाबलं आणि यंत्रं सुरू. जर्मनीची अर्थव्यवस्था २००९ मध्ये ५ टक्क्यांहून जास्त आकसली, आणि बेकारीचा आकडा जेमतेम हलला. धागाकर्त्याशी शंभर टक्के सहमत.

अवांतर: त्याच वर्षी जुनी गाडी भंगारात द्या, नवी घ्या, सरकार २५०० युरो देईल अशी योजना आली होती. ५ अब्ज युरो वाटले, २० लाखांच्या आसपास गाड्या खपल्या. जर्मन करदात्याच्या पैशातून कितीतरी लोकांनी छोट्या रुमानियन, इटालियन आणि कोरियन गाड्या घेतल्या!

समुद्रपक्षी

नेकारकाठचा यांचं वाचून हेवा वाटला. आता स्पेनची बाजू ऐका. मी २००७ पासून बार्सिलोनात आहे.

आले तेव्हा इथे जिकडे पाहावं तिकडे क्रेन. शाळा सोडून पोरं बांधकामावर जायची, कारण इंजिनियरपेक्षा प्लास्टर करणारा जास्त कमवत होता. यातल्या बहुतेकांचे करार तात्पुरते. देशातल्या जवळजवळ एक तृतीयांश नोकरदारांचा करार तात्पुरता होता. संकट आलं तेव्हा कुणालाही 'काढावं' लागलं नाही. करार संपला, पुढचा दिला नाही, विषय संपला. दोन-तीन वर्षांत लाखो लोक घरी.

सरकारने सुरुवातीला खर्च केला नाही असं नाही. २००९ मध्ये 'प्लान ई' आला, गावोगावच्या नगरपालिकांना ८ अब्ज युरो. अट अशी की काम लगेच सुरू झालं पाहिजे. लगेच काय सुरू होतं? फुटपाथ. चांगले फुटपाथ उखडून नवे फुटपाथ. आणि प्रत्येक कामाशेजारी सरकारी योजनेचा भलामोठा फलक सक्तीचा. काही ठिकाणी फलकच कामापेक्षा मोठा दिसायचा. काही महिने लोकांना काम मिळालं, मग फुटपाथ संपले.

तोवर राज्यकर्त्यांना मोठमोठी बांधकामं करायची सवयच लागली होती. सिउदाद रेआलचा विमानतळ बघा: माद्रिदच्या दक्षिणेला, अवाढव्य धावपट्टी, तेजीच्या शेवटी शेवटी उघडला, २०१२ मध्ये बंद. कास्तेयोनच्या विमानतळाचं उद्घाटन २०११ मध्ये झालं आणि पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं २०१५ मध्ये. तेव्हा 'सरकारने खर्च करावा' म्हणताना कशावर करावा हेही विचारा.

आमच्या इमारतीत त्या काळात तरुण मुलांपैकी नोकरी असलेला एकही नव्हता. २०१३ मध्ये तरुणांमधली बेकारी ५५ टक्के होती हो इथे. निम्म्याहून जास्त तरुण रिकामे.

आकडेमोड

@समुद्रपक्षी, अनुभव वाचून वाईट वाटलं, पण शेवटच्या वाक्याला थांबवते. ५५ टक्के म्हणजे निम्म्याहून जास्त तरुण रिकामे, असं नाही. बेकारीचा दर काढताना छेदात फक्त काम करणारे आणि काम शोधणारे धरतात. पंचविशीच्या आतले बरेचसे शिकत असतात, ते छेदातच नाहीत. सगळे तरुण धरले तर स्पेनमध्ये तेव्हा साधारण पाचातला एक जण बेकार होता. तोही आकडा भयंकरच आहे, पण वर्तमानपत्रांनी तेव्हा 'दर दुसरा तरुण बेकार' असे मथळे छापून गोंधळ घातला होता.

समुद्रपक्षी

छेद-अंश तुमचा बरोबर असेल. आमच्या जिन्यावर बसणाऱ्या पोरांना तो कुणी सांगितला नव्हता. :)

शिस्तप्रिय

एकाच बाजूची आरती चालू आहे म्हणून लिहितो.

ग्रीसने आकडे लपवले. २००९ ची सरकारी तूट आधी कमी दाखवली, मग देशाच्या उत्पन्नाच्या १२.७ टक्के सांगितली, शेवटी ती १५ च्या वर निघाली. अशा देशाला 'अजून खर्च करा' म्हणायचं? घरातली मिळकत घटली की आपण बाहेरचं जेवण बंद करतो, नवा सोफा पुढे ढकलतो. देशाने वेगळं का वागावं?

आणि काटकसर यशस्वी झाल्याचं उदाहरण आहे. लाटव्हिया. २००९ या एका वर्षात अर्थव्यवस्था १४ टक्क्यांच्या आसपास घसरली. चलनाचं अवमूल्यन करा म्हणून जगातले पंडित सांगत होते. त्यांनी नाही केलं. सरकारी पगार कापले, शाळा-दवाखाने एकत्र केले, दोन-तीन वर्षांत सोसून मोकळे. २०११ पासून पुन्हा वाढ, २०१४ मध्ये युरोत प्रवेश. ज्या पंतप्रधानांनी हे केलं, ते दोम्ब्रोव्स्किस निवडणूकही जिंकले आणि पुढे युरोपीय आयोगात गेले.

रडत बसण्यापेक्षा एकदाच औषध घेतलेलं बरं.

कोरा_कागद

@शिस्तप्रिय, दुसरी बाजू हवीच होती, आभार.

पण घराचा हिशोब देशाला लागू होत नाही. तुम्ही बाहेर जेवणं बंद केलंत तर हॉटेलवाल्याचं नुकसान होतं, तुमचा पगार त्याने कमी होत नाही. सगळ्या देशाने एकदम खर्च बंद केला तर हॉटेलवाला, त्याचा भाजीवाला, त्याचा घरमालक सगळ्यांची मिळकत जाते आणि कर कुणाकडून घ्यायचा हा प्रश्न पडतो. ग्रीसमध्ये तेच झालं. अर्थव्यवस्था जवळपास एक चतुर्थांशाने आकसली. उत्पन्नाच्या तुलनेत कर्ज २००९ मध्ये १२७ टक्क्यांच्या आसपास होतं. इतकी कापाकापी करून आणि मध्येच २०१२ मध्ये खाजगी धनकोंनी मोठी सूट देऊनही २०१४ मध्ये ते १८० च्या घरात. कर्ज कमी करण्यासाठी केलेल्या काटकसरीत कर्जाचं प्रमाण वाढलं, याला काय म्हणायचं?

२०१२ च्या फेब्रुवारीत तिथलं किमान वेतन एका फटक्यात ७५१ वरून ५८६ युरोंवर आणलं. पंचविशीच्या आतल्यांना तर ५११. पगार कमी झाले की नोकऱ्या वाढतील असा त्यामागचा तर्क होता. पुढच्या वर्षी तरुणांमधली बेकारी ५८ टक्क्यांवर होती. (आकडेमोड, छेद लक्षात आहे!)

आकडेमोड

लाटव्हियाबद्दल एक जोड. तिथल्या जनगणनेत २००० साली २३.८ लाख माणसं होती, २०११ मध्ये २०.७ लाख. सगळी घट संकटामुळे नाही, जन्मदर आणि आधीचं स्थलांतर धरा. पण संकटाच्या काळात फार मोठ्या संख्येने तरुण आयर्लंड-इंग्लंडला निघून गेले. बेकारी कमी होण्याचा हाही एक मार्ग: बेकार माणसानेच देश सोडायचा.

शिवाय काटकसरीच्या बाजूने तेव्हा जे आधार दिले जात होते त्यांचं पुढे काय झालं तेही बघा. राईनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा निबंध 'सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की वाढ खुंटते' म्हणून ब्रसेल्सपासून लंडनपर्यंत उद्धृत व्हायचा. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने त्यांची एक्सेल फाईल मागवली. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी धरायच्याच राहून गेल्या होत्या! इतरही आक्षेप होते. कर्ज आणि वाढ यांचा संबंध पूर्ण पुसला गेला नाही, पण ९० चा कडेलोट गायब झाला.

त्याच वर्षी नाणेनिधीच्या ब्लँचर्ड आणि ली यांनी लिहिलं की आपल्या अंदाजांमध्ये सरकारी खर्च १ युरोने कापला तर उत्पन्न साधारण अर्ध्या युरोने घटेल असं धरलं होतं, प्रत्यक्षात ०.९ ते १.७ ने घटलं. म्हणजे औषधाची मात्रा ठरवणाऱ्यांनीच नंतर सांगितलं की दुष्परिणाम दुप्पट-तिप्पट निघाला. @शिस्तप्रिय, औषध एकदाच घ्या हे ठीक, पण किती चमचे ते कुणी ठरवायचं?

खडूस_आजोबा

एक्सेलवर आमच्या सोसायटीचा देखभाल खर्च ठरतो. आज रात्री झोप नाही.

डब्लिनचा_पाऊस

आयर्लंडचं कुणी लिहिलं नाही म्हणून.

इथे सरकारचं कर्ज मुळात कमी होतं, शिस्तप्रिय यांच्या भाषेत आदर्श विद्यार्थी. बँकांनी घरांवर बेफाम कर्जं दिली होती आणि सप्टेंबर २००८ च्या एका रात्रीत सरकारने सगळ्या मोठ्या बँकांच्या देण्यांची हमी घेतली. बँकांचा खड्डा देशाचा झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये ८५ अब्जांचं मदत पॅकेज घ्यावं लागलं, त्यातले साडेसतरा अब्ज आयरिश लोकांचेच, पेन्शनसाठी राखलेल्या निधीतून वगैरे. म्हणजे उधळपट्टी न करताही देश बुडू शकतो.

मी आयटीत, अमेरिकन कंपनीत, त्यामुळे आम्हाला झळ लागली नाही. खालच्या मजल्यावरचा इलेक्ट्रिशियन मात्र पर्थला गेला, त्याचा भाऊ कॅनडाला. शुक्रवारी संध्याकाळी पबमध्ये कुणाचा ना कुणाचा निरोप समारंभ चालू असायचा. २०१२ मध्ये बेकारी १५ टक्के होती, आणि इतके लोक गेले नसते तर किती असती देव जाणे.

सरकारने 'जॉबब्रिज' नावाची योजना काढली: कंपनीत इंटर्न म्हणून काम करा, बेकारी भत्ता चालू राहील, वर आठवड्याला ५० युरो. काहींना त्यातून खरंच पक्की नोकरी लागली. पण दुकानात माल लावायला, गाड्या धुवायलाही इंटर्न मागवायला लागल्यावर योजना बदनाम झाली. २०१६ मध्ये बंद.

जाता जाता एक गंमत. २०१५ मध्ये आयर्लंडची अर्थव्यवस्था एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढली. कारखाने दिसेनात, रस्त्यावर माणसं तेवढीच. बड्या कंपन्यांनी आपली पेटंटं कागदोपत्री इथे आणून ठेवली होती. तेव्हा 'वाढ' म्हणून कुणी आकडा दाखवला की मी आधी विचारतो, कामाला किती जण लागले?

वाचनमात्र

रोचक. वाचतोय.

चाकणकर

इतके दिवस वाचनमात्र होतो, आज राहवेना.

२००८ च्या दिवाळीनंतर आमच्याकडे युरोपाच्या ऑर्डरी एकाएकी थांबल्या. कास्टिंग, फोर्जिंग, मशिनिंग, सगळीकडे तीच रड. मी ज्या कारखान्यात होतो (नाव नको) तिथले कायम कामगार टिकले, ठेकेदाराची पोरं एका महिन्यात गेली. बीड, लातूर, उस्मानाबादकडची पोरं. बॅगा घेऊन एसटी स्टँडवर. त्यांना ना नोटीस ना भरपाई. आमचा माल ज्या जर्मन कारखान्यात जायचा तिथले लोक तेव्हा नेकारकाठचा म्हणतात तसे घरी बसून छप्पर दुरुस्त करत होते. पुढे २०१० मध्ये मागणी आली तेव्हा आम्हाला तयार माणूस मिळेना. ती पोरं परत आली नाहीत. नवीन पोरांना शिकवण्यात सहा महिने गेले आणि तोवर रिजेक्शन किती झालं ते मालकच जाणे.

समुद्रपक्षी ताई म्हणतात ते स्पेनचं आणि आमचं दुखणं एकच. कागदावर नोकरी तात्पुरती असेल तर वाचवायला काही उरतच नाही.

नेकारकाठचा

@चाकणकर, नेमकं बोललात. आणि मीही वर एक गोष्ट गाळली. आमच्याकडेही २००९ मध्ये एजन्सीमार्फत घेतलेले कामगार होते. ते सगळ्यात आधी गेले, पहिल्या दोन महिन्यांत. कुर्त्सआर्बाइट आम्हा करारवाल्यांना मिळालं.

उंटावरचा_शहाणा

चहा झाला. मुद्द्याचं बोलतो. तुम्ही सगळे सरकार-सरकार करताय, पण खरी किल्ली फ्रँकफर्टला होती.

युरोपीय मध्यवर्ती बँकेने जुलै २००८ मध्ये, म्हणजे लेहमन ही अमेरिकी बँक बुडायच्या दोन महिने आधी, व्याजदर वाढवला. एप्रिल २०११ मध्ये पुन्हा वाढवला. जुलै २०११ मध्ये आणखी एकदा. अर्धा युरोप आजारी असताना! स्पेन-इटलीच्या सरकारांना ७ टक्क्यांच्या आसपास व्याज मोजावं लागत होतं, त्यांनी जर्मनीसारखे पगार भरायचे कुठून? २६ जुलै २०१२ ला बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष द्रागी यांनी लंडनमध्ये सांगितलं की युरो वाचवण्यासाठी जे काही करावं लागेल ते आम्ही करू, आणि विश्वास ठेवा, तेवढं पुरेसं ठरेल. व्याज उतरायला लागलं. त्या वचनाखालच्या योजनेतून आजवर एका युरोचेही रोखे घ्यावे लागलेले नाहीत. तेच वाक्य दोन वर्षं आधी आलं असतं तर किती नोकऱ्या वाचल्या असत्या याचा हिशोब लावा.

आणि पोलंड. २००९ मध्ये मंदीत न गेलेला संघातला एकमेव देश. कारणं अनेक, पण एक मोठं कारण असं की स्वतःचं चलन. झ्लोटी घसरला, माल स्वस्त झाला, निर्यात तगली. ग्रीसकडे ती सोयच नव्हती.

शिस्तप्रिय

पोलंडच्या बँकांनी आधीची उधळपट्टीही केली नव्हती, तेवढं सोयीस्कर विसरलात. बाकी मध्यवर्ती बँकेबद्दल सहमत, २०११ चं मलाही पटलेलं नाही.

खडूस_आजोबा

शिस्तप्रिय सहमत! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे.

पुणेरी_पाटी

फार छान माहिती. थोडं वेगळं विचारते, राग नसावा. माझा भाचा मेकॅनिकल इंजिनियर आहे, तीन वर्षांचा अनुभव. जर्मनीचं 'संधी कार्ड' म्हणतात ते काढून तिकडे जाऊन नोकरी शोधायची म्हणतो. नेकारकाठचा, जावं का?

नेकारकाठचा

@पुणेरी_पाटी ताई, ते कार्ड जून २०२४ पासून सुरू झालं. एक वर्ष राहून नोकरी शोधता येते, पण तेवढ्या काळाचे पैसे आधी दाखवावे लागतात. भाच्याला म्हणावं आधी जर्मन भाषा बी-२ पातळीपर्यंत कर, मग तिकीट काढ. मोटारींच्या धंद्यात सध्या भरती नाहीच म्हटलं तरी चालेल. वीज, रेल्वे, इमारतींची यंत्रणा इकडे बघ म्हणावं. बाकी खाजगी निरोपात बोलू.

संपादक मंडळ

परदेशी नोकरीबद्दलचे प्रश्न कृपया त्यासाठीच्या धाग्यावर विचारावेत.

समुद्रपक्षी

पुन्हा मूळ विषय. २०१३ मध्ये युरोपीय संघाची 'युवा हमी' आली, तिच्यावर कुणीच बोललं नाही. पंचविशीच्या आतल्या प्रत्येकाला शिक्षण किंवा नोकरी सुटल्यापासून चार महिन्यांच्या आत नोकरी, पुढचं शिक्षण, शिकाऊ उमेदवारी किंवा प्रशिक्षण यांपैकी काहीतरी देऊ करायचं. कल्पना उत्तर युरोपातली, स्वीडनमध्ये १९८४ पासून होती. पैसे किती ठेवले? ६ अब्ज युरो, सात वर्षांच्या बजेटसाठी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने (जिनिव्हाची) खर्चाचा अंदाज केला होता वर्षाला २१ अब्जांचा.

माझ्या मैत्रिणीची मुलगी त्यात नाव नोंदवून आली. संकेतस्थळावर पासवर्ड मिळवायलाच तिला बरेच हेलपाटे पडले. मग कॉम्प्युटरचा एक प्राथमिक कोर्स देऊ केला. मुलगी वास्तुविशारद! कागदावर हमी पूर्ण झाली.

कोरा_कागद

इथे मला आपली रोहयो आठवली. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सगळ्या महाराष्ट्रात पसरली, १९७७ मध्ये कायदा झाला. तिच्यात शंभर दोष होते, खोट्या हजेरीपटापासून सगळे. पण मागेल त्याला काम द्यायचं, नाही दिलं तर भत्ता, असं कायद्यात लिहिलं होतं आणि त्यासाठी शहरी नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापला जायचा. युरोपातली हमी ही सदस्य देशांना केलेली शिफारस आहे. मागायला गेलेल्याला दाद मागायची सोय नाही.

चाकणकर

माझ्या आजीने रोहयोवर खडी फोडली आहे. तिला वास्तुविशारदाचा कोर्स दिला असता तर बरं झालं असतं.

उंटावरचा_शहाणा

=)) चाकणकर, लिहीत राहा.

हमीवरून आठवलं, युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष युंकर यांची योजना विसरू नका. २०१५ ची. ३१५ अब्ज युरोंची गुंतवणूक! त्यात प्रत्यक्ष हमी २१ अब्जांची. १ युरोच्या हमीवर १५ युरोंची गुंतवणूक येईल असं गृहीत धरलं होतं. आकडा गाठला म्हणून पुढे जाहीरही झालं, पण त्यातले किती प्रकल्प या हमीविना झालेच नसते, यावर लेखापरीक्षकांनी शंका घेतली. त्याआधी जून २०१२ मध्ये फ्रान्सच्या ओलांद यांच्या आग्रहाखातर १२० अब्जांचा 'वाढ आणि रोजगार करार' झाला होता, त्यात ५५ अब्ज तर आधीच मंजूर असलेल्या निधीचे होते. दर संकटात आधी आकडा जन्माला येतो, मग पैसे शोधायला माणसं पाठवतात.

आकडेमोड

२०२० मध्ये मात्र पैसे खरे होते, ते नोंदवायला हवं. 'शुअर' नावाच्या योजनेत आयोगाने स्वतःच्या नावावर बाजारातून कर्ज काढलं आणि १९ देशांना मिळून ९८ अब्जांहून जास्त दिले, खास कमी तासांच्या कामाच्या योजनांसाठी. इटलीला २७.४ अब्ज, स्पेनला २१.३. २००९ मध्ये कुर्त्सआर्बाइट ज्यांना परवडत नव्हतं त्यांना ते २०२० मध्ये जर्मन दर्जाच्या व्याजाने परवडलं. आयोगाच्या अंदाजाने त्या एका वर्षात तीन कोटींहून जास्त लोकांना आधार मिळाला. माझ्या मते धागाकर्त्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. नोकरी टिकवायची युक्ती सगळ्यांना माहीत होती. ती चालवायला लागणारं स्वस्त कर्ज पहिल्या वेळी फक्त श्रीमंतांकडे होतं.

समुद्रपक्षी

+१. २०२० च्या वसंतात इथे पस्तीस लाखांच्या घरात लोक 'एर्ते'वर होते, म्हणजे आमचं कुर्त्सआर्बाइट. आमच्या कोपऱ्यावरचा कॅफे बंद होता, पण तिथले तिघेही पुढच्या वर्षी परत त्याच काउंटरमागे उभे. २०१० मध्ये त्याच गल्लीतली माणसं कुठे गेली कळलंही नव्हतं.

आणि डिसेंबर २०२१ मध्ये तात्पुरत्या करारांवर बंधनं आणणारा कायदा झाला. संसदेत तो मंजूर कसा झाला ते ऐका. १७५ विरुद्ध १७४. विरोधी पक्षाच्या एका खासदाराने घरून ऑनलाईन मत देताना चुकून बाजूने दिलं! त्या एका मतावर देशाचा कामगार कायदा उभा आहे. तात्पुरत्यांचं प्रमाण त्यानंतर चांगलंच उतरलंय.

शिस्तप्रिय

सगळं गोड गोड चाललंय तर इटलीचा 'सुपरबोनस' घ्या. २०२० मध्ये सरकारने सांगितलं, घराचं ऊर्जा-सुधारणेचं काम करा, खर्चाच्या ११० टक्के कर सवलत देऊ. ११०! मग कोण भाव करेल? कंत्राटदार म्हणेल ती किंमत. बांधकामात रोजगार वाढला हे खरं. सरकारला भुर्दंड शंभर अब्जांहून बराच जास्त आणि खोट्या दाव्यांचे खटले वेगळे. फायदा झाला तोही जास्त करून ज्यांचं स्वतःचं घर आहे त्यांचा.

दुसरं, नोकरी टिकवणं नेहमीच चांगलं असं का धरता? कंपनी मरणारच असेल तर माणसाला तिथे धरून ठेवून काय मिळवलं? जर्मनीतल्या बोखुमचा नोकियाचा कारखाना २००८ मध्ये बंद झाला, काम रुमानियात क्लूजला गेलं. तीन वर्षांत क्लूजही बंद, काम आशियात. पुढे २०१४ मध्ये चेन्नईजवळचा कारखानाही थांबला. बोखुममध्ये कुर्त्सआर्बाइट लावून काय झालं असतं? फोनच बदलले होते.

कोरा_कागद

@शिस्तप्रिय, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे आणि माझ्या मूळ मांडणीला खरा धोका याच्याकडूनच आहे. तास कमी करून माणूस धरून ठेवणं तेव्हाच उपयोगी, जेव्हा मागणी परत येणार असते. २०१० मध्ये चीनमुळे ती आली, २०२१ मध्ये टाळेबंदी उठल्यावर आली. मागणी परत येणारच नसेल तर?

दुसरी फट चाकणकर आणि समुद्रपक्षी यांनी दाखवली. ज्याला अजून नोकरीच लागलेली नाही, किंवा ज्याचा करार आठवड्याचा आहे, त्याला ही योजना ओळखत नाही. त्याच्यासाठी नव्या नोकऱ्याच लागतात, आणि तिथे युरोपाचा हिशोब फुटपाथ, विमानतळ आणि ११० टक्के असा आहे.

@नेकारकाठचा, सध्या तिकडे काय परिस्थिती आहे?

नेकारकाठचा

सध्या परिस्थिती २००९ सारखी दिसते पण तशी नाही.

२०२५ साठी कुर्त्सआर्बाइटची मुदत पुन्हा २४ महिन्यांपर्यंत वाढवली. फरक असा की तेव्हा सगळे म्हणायचे 'वसंतापर्यंत थांबा'. आता तसं कुणी म्हणत नाही. चीन तेव्हा गिऱ्हाईक होता, आता विजेच्या गाड्या तोच आपल्याला विकतोय. फोक्सवागेनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार केला: २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायच्या, पण सक्तीने कुणाला काढायचं नाही. म्हणजे निवृत्त झालेल्याची जागा भरायची नाही. आत असलेला सुरक्षित, दाराबाहेर उभ्या असलेल्या पोराला दारच नाही.

दुसरीकडे मार्च २०२५ मध्ये, काटकसरीचे धडे सगळ्यांना देणाऱ्या या देशाने, स्वतःच्या राज्यघटनेतली कर्जाची मर्यादा सैल केली आणि पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी काढला. पूल खरंच पडायला आलेत, ड्रेसडेनचा एक तर सप्टेंबर २०२४ मध्ये पडलाच. पैसे आहेत, पण परवानग्यांना वर्षं लागतात आणि पूल बांधणारी माणसं कमी आहेत. आमच्याकडे कमी तासांवर बसलेला गिअरबॉक्सचा माणूस उद्या वेल्डर म्हणून पुलावर जाईल का? पन्नाशीतला नाही जाणार. आमच्या विभागातल्या दोन तिशीतल्या पोरांनी मात्र रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेचं प्रशिक्षण घेतलं, अर्धा खर्च रोजगार संस्थेने दिला. एक जण एप्रिलपासून तिकडे रुजू झाला. पगार थोडा कमी आहे. दुसऱ्याची परीक्षा पुढच्या महिन्यात.

चाकणकर

पास झाला की इथे कळवा.